ठासणीची बंदूक आणि मंडळाची वर्गणी

या पानावर आम्ही एरवी मुलांचे दाखले, दवाखान्याचा खर्च, लग्नातली उधळपट्टी अशा घरच्या विषयांवर लिहितो. आज बंदुकीवर लिहीत आहोत. हसू नका. ही बंदूकही एका घरातूनच दुसऱ्या घरात आली होती. गोणपाटात गुंडाळून, एस. टी. च्या गाडीत पायाशी ठेवून आली होती. आणि तिच्यापायी एका मंडळाचे साठ हजार रुपये, एका भल्या माणसाची अब्रू आणि दोन-तीन पोरांचे डोळे जायचे ते थोडक्यात राहिले.

गोष्ट २०२३ च्या डिसेंबरातली. मुंबईच्या एका चाळवजा वस्तीतील मंडळाचे कार्यकर्ते आमच्याकडे आले. त्यांच्या विहाराला लागून छोटेसे वाचनालय आहे. तिथे काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी त्यांना एक जुनी बंदूक मिळत होती. देणारे गृहस्थ दापोलीकडचे, वस्तीतल्याच एका सुनेचे मामा, म्हणून सारी वस्ती त्यांना मामाच म्हणे. मामांचे म्हणणे असे की, ही बंदूक आमच्या आजोबांच्या आजोबांची, आणि ती भीमा कोरेगावच्या लढाईतली आहे. किंमत साठ हजार. दारोदार वर्गणी झाली होती. धुणीभांडी करणाऱ्या बायांनी शंभर-शंभर रुपये दिले होते. १ जानेवारीला बंदुकीचे अनावरण करायचे, पत्रिका छापायला टाकायची, तेवढे आम्ही चार ओळी लिहून द्यावे, ही विनंती.

आम्ही म्हटले, लिहून देतो, पण आधी बंदूक दाखवा.

आमचे एक स्नेही लष्करात हत्यारे दुरुस्त करण्याच्या कामावर बावीस वर्षे काढून निवृत्त झाले आहेत. त्यांना सर्वजण हवालदार म्हणतात, आम्हीही म्हणतो. त्यांना घेऊन रविवारी गेलो. मंडळाच्या खोलीत सतरंजीवर बंदूक ठेवली होती. भोवती पोरे. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा घोडा मागे ओढून सोडत होता, टक्‌ टक्‌ आवाज येत होता. दोन आठवडे हाच खेळ चालू होता म्हणे.

हवालदारांनी नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून पहिल्यांदा पोरांना बाहेर काढले. मग एक लांब वेळूची काठी मागितली. नळीच्या तोंडासमोर कोणी उभे राहू नका म्हणाले, स्वतःही बाजूला बसले. काठी हळूच नळीत सोडली, टेकली तिथे नळीच्या तोंडाशी पेन्सिलने खूण केली, काठी बाहेर काढली आणि ती खूण तोंडाशी धरून काठी नळीवर बाहेरून ठेवली. रिकाम्या बंदुकीत काठीचे टोक थेट मागे, घोडा पडतो त्या जागेपर्यंत पोहोचायला हवे. इथे ते चार बोटे अलीकडेच थांबले.

"भरलेली आहे," हवालदार म्हणाले.

खोलीत कोणी बोलेना. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. आजोबांनी रानडुकरांसाठी बार भरून ठेवला असणार, आणि आजोबा जाऊन बारा वर्षे झाली होती. बारा वर्षांनी दारू फुकट जात नाही का, असे एकाने विचारले. (दारू म्हणजे बंदुकीची. पिण्याच्या दारूबद्दल या पानावर पुष्कळ लिहून झाले आहे.) तर, जात नाही. काळी दारू कोरडी राहिली की वर्षानुवर्षे जशीच्या तशी पेट घेते. नुसता घोडा आपटून ठिणगी पडत नाही म्हणून दोन आठवडे काही घडले नाही. पण दाराआडून तो घोडा ओढणारा मुलगाच म्हणाला, "आम्ही दिवाळीतली टिकली लावून वाजवणार होतो." त्याच्या आईने तिथेच डोक्याला हात लावला.

हवालदारांनी नळीतून आणि मागच्या निपलातून तेल सोडून दारू भिजवली आणि भरलेला बार पुढे परवानाधारक दुकानाच्या मिस्त्रीनेच काढायचा असे बजावले. वाचकांनी यातले काहीएक स्वतः करू नये. काठीची खूण समजून घ्या ती एवढ्याचसाठी की, जुनी ठासणीची बंदूक पाहिली म्हणजे ती भरलेली आहे असेच धरून चालायचे असते. तिला ना काडतूस काढायची सोय, ना उघडून पाहायची. दारू, गोळी किंवा छर्रे सारे तोंडाकडूनच गजाने ठासायचे, म्हणून तर तिला ठासणीची म्हणतात.

त्यानंतर ओळख पटवायला बसलो. ही ओळख कशी पटवतात ते जरा सविस्तर सांगतो, कारण अशा बंदुका आणि अशा गोष्टी आपल्या बऱ्याच घरांत आहेत.

पहिले पाहायचे ते बार कशाने पेटतो. सर्वांत जुनी ती तोड्याची बंदूक, तिला जळती वात लागते. मग चकमकीची. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा असतो, तो पोलादावर घासून ठिणगी बाहेरच्या छोट्या वाटीतल्या दारूवर पडते. तिसरी टोपीची. तिला वाटी नसते, एक पोकळ निपल असते, त्यावर तांब्याची टोपी बसवतात आणि घोडा हातोडीसारखा टोपीवर पडतो. टोपीच्या मुळाशी असलेली युक्ती स्कॉटलंडमधल्या फोर्सिथ नावाच्या एका पाद्र्याने काढली आणि तिचे पेटंट १८०७ साली घेतले, पण फौजांच्या हातात टोपीच्या बंदुका यायला १८४० च्या आसपासचा काळ उजाडला. मामांची बंदूक टोपीची होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण लढली, तिच्या शिपायांच्या हातात चकमकीच्या बंदुका होत्या.

एवढ्यावर निकाल देणे मात्र बरोबर नाही. पुष्कळ चकमकीच्या बंदुका पुढे बदलून टोपीच्या केल्या गेल्या. मामांनीही तेच म्हटले, "नंतर बदलली असंल साहेब." प्रश्न रास्त होता. हवालदारांनी घोड्याच्या बाजूची लोखंडी पट्टी पुसली. बदललेली बंदूक असेल तर तिथे वाटी आणि तिची कमान जिथे बसवलेली असते, त्या जागी स्क्रूची बुजवलेली भोके दिसतात. कितीही घासली तरी तिरप्या उजेडात दिसतात. या पट्टीवर तसे एकही भोक नव्हते. ही बंदूक जन्मापासून टोपीची.

मग अक्षरे पाहिली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मालावर कंपनीची खूण असे. आधी बदामाच्या आकारात चार भाग करून त्यांत कंपनीची इंग्रजी आद्याक्षरे, आणि पुढे मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह. इथे सिंह नव्हता, बदामही नव्हता. भिंगातून पाहिल्यावर निघाला तो मुकुट, त्याखाली व्ही. आर. ही अक्षरे, आणि पुढे टॉवर हा शब्द आणि १८५९. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ती गादीवर आली १८३७ साली. कोरेगावच्या वेळी ती जन्मलीही नव्हती, तिचा जन्म १८१९ चा. सेक्रेटरी भाऊंनी डायरीतली पत्रिकेची ओळ तिथल्या तिथे खोडली.

एकाने शंका काढली की अक्षरे खोटी कोरलेली नसतील कशावरून? शंका चांगली होती. वायव्य सरहद्दीकडच्या कारागिरांनी इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब नकला केल्या, पण त्यांना इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे त्यात एन हे अक्षर उलटे पडते, शब्दातली अक्षरे गळतात, मुकुट वेडावाकडा उमटतो. अलीकडच्या इटलीतल्या नकलाही फिरतात. त्या चांगल्या बनावटीच्या असतात, पण नळीवर फक्त काळी दारू वापरा अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आणि तारेखाली पी. एन. ही अक्षरे स्वच्छ असतात. फरशीने घासून ती काढणारे महाभागही आहेत, म्हणून नळीचा एखादा पट्टा उगाच चकचकीत दिसला की खरेदीदाराने तिथेच थांबावे. मामांच्या बंदुकीवर असे काही नव्हते. अक्षरे सरळ, खोल, आणि त्यांच्या कडा दीडशे वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या.

नळी तीन लोखंडी पट्ट्यांनी दस्त्याला आवळलेली. ही एन्फिल्डची मोठी खूण. कोरेगावच्या काळातली कंपनीची बंदूक, जिला गोरे सोजीर ब्राऊन बेस म्हणत, तिची नळी आडव्या खिळ्यांनी बसवलेली असते, तिला अशा पट्ट्या नसतात. नळीची लांबी मात्र दोघींची सारखीच, ३९ इंच, त्यामुळे नुसत्या लांबीवरून फसायला होते. दस्त्यावर उन्हाळ्यातल्या ओठांसारख्या भेगा होत्या आणि एका जागी तांब्याची तार गुंडाळलेली होती. ती मामांच्या आजोबांनी गुंडाळली होती, मामांना लहानपणचे आठवत होते.

मग हवालदारांनी बॅटरी नळीच्या तोंडाशी तिरपी धरून आत पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिले.

एन्फिल्डची १८५३ सालची रायफल म्हणजे काय चीज होती हे थोडे सांगायला हवे. तिच्या नळीत आतून तीन पन्हळी कोरलेल्या असतात, त्या पिळदार जातात. त्यालाच आटे म्हणतात, आणि आटे असले तरच ती रायफल, नसले तर साधी बंदूक. आट्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि लांबवर सरळ राहते. साध्या नळीचा नेम शंभर यार्डांपुढे भरवशाचा नसे, तर या रायफलीवर शिडीसारखी उभी करायची नेमपट्टी असे आणि तिच्यावर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा. हिच्याच काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावल्याच्या बातमीवरून १८५७ ची सुरुवात झाली, ते सर्वांना शाळेत शिकवले आहे. त्यानंतर काय झाले ते शाळेत शिकवत नाहीत. इंग्रज सरकारने ठरवले की एवढे दूरचे आणि अचूक हत्यार हिंदी शिपायाच्या हातात द्यायचे नाही. मग १८५८ पासून हिंदी पलटणींसाठी निराळ्या एन्फिल्ड निघाल्या. दिसायला तीच बंदूक, तेच तीन पट्टे, तोच घोडा, तीच संगीन. पण आतले आटे कापून नळी गुळगुळीत केलेली, आणि शिडीच्या जागी नुसती एक खाचेची ठोकळी. आधी तयार रायफलींच्याच नळ्या आतून कातून मोठ्या केल्या. त्या इतक्या पातळ झाल्या की धक्क्याने पोचे पडू लागले, तेव्हा पुढच्या वर्षी जाड नळीच्या मुद्दाम बनवल्या. खऱ्या रायफलीचे तोंड ०.५७७ इंचाचे, म्हणजे पावणेपंधरा मिलिमीटरच्या आतबाहेर. या गुळगुळीत नळीचे ०.६५६ इंच.

हवालदारांनी कॅलिपर लावले. साडेसोळा मिलिमीटरला किंचित वर भरले. आत आटे नव्हते. वर शिडी नव्हती, ठोकळी होती.

"ही आपल्याच लोकांच्या हातातली आहे," ते म्हणाले. "कोरेगावची नाही. पण गोऱ्या पलटणीची पण नाही. ही काळ्या शिपायासाठी मुद्दाम कमी करून बनवलेली बंदूक."

सत्तावन साली बंगालच्या पलटणी बिघडल्या, मुंबईच्या फौजेतल्या बहुतेक राहिल्या. अविश्वास मात्र सरसकट हिंदी शिपायावर ठेवला गेला. पुढेही तोच शिरस्ता चालला. गोऱ्या शिपायाला नवे हत्यार मिळाले की त्याचे जुने हिंदी शिपायाला. गोऱ्याला मार्टिनी-हेन्री तर हिंदीला स्नायडर, गोऱ्याला मॅगझिनची रायफल तर हिंदीला मार्टिनी. आणि १८९० च्या दशकात तर महारांची भरतीच बंद झाली. दापोलीच्या पेन्शनर वस्तीतून गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, त्याच वस्तीत सुभेदार रामजी सकपाळ राहत होते. ते सारे आपल्या वाचकांना पाठ आहे, पुन्हा सांगत नाही.

मग मामांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी ती पलटणीतून आणली असेल का? आमच्या मते नाही. बंदूक सरकारची असे. नाव कटले की शिपाई हत्यार जमा करून, पदक असेल तर पदक, पेन्शनीचा कागद आणि अंगावरचे कपडे घेऊन गावी येई. ठासणीच्या बंदुका फौजेतून बाद झाल्यावर पुष्कळ बाजारात गेल्या, आणि शेताच्या राखणीला कोकणात त्यांना गिऱ्हाईक होते. गुळगुळीत नळीतून छर्रे चांगले जातात. मामांच्या आजोबांकडे शेतसंरक्षणाचा परवाना होता, तो मामांनी खिशातून काढून दाखवला. त्यावर ठासणीची एकनळी बंदूक असेच लिहिले होते. कोरेगावचे नाव कुठून जोडले गेले ते मामांनाही सांगता येईना. "आजोबा बोलायचे," एवढेच. ते फसवायला आले नव्हते. कारखाना बंद झाला, मुलीला नर्सिंगला घालायचे होते.

तो परवानाच आता खरी अडचण होती. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात शेतसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. पण परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. परवानाधारक कालकथित झाला की वारसांनी ती बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची, हे २१ वे कलम. मग वारसाला स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो. मामांच्या घरी हे कोणालाच ठाऊक नव्हते. बारा वर्षे बंदूक माळ्यावर, म्हणजे बारा वर्षे बेकायदा, आणि वर ती एस. टी. तून मुंबईला आणलेली.

जुनी आहे म्हणून परवाना लागत नाही, असा एक गैरसमज सगळीकडे आहे. ४५ व्या कलमात सूट आहे खरी, पण ती अशा जुन्या हत्याराला, जे दुरुस्त करूनही उडवता येणार नाही. मामांची बंदूक नुसती उडण्याजोगीच नव्हे, भरलेलीही होती. शिवाय मंडळाला ती विकणे म्हणजे विनापरवाना विक्री, आणि घेणाऱ्यालाही तोच कायदा. वर्गणीची पावतीपुस्तके हाच पुरावा झाला असता. आणि एवढ्या वर्गणीदारांची नावे त्यात होती.

कार्यकर्त्यांपैकी दोघे तरुण तापले. लोकांना काय सांगायचे, पत्रक वाटून झाले, असे म्हणू लागले. त्यांचा राग आम्हाला समजतो. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एक आजी, पंच्याऐंशीच्या असतील, म्हणाल्या, "लोकांना सांगा, बघून घेतली आन्‌ नको म्हणलो. त्यात लाजायचं काय?" मग म्हणाल्या, "मामा, तुम्ही जेवून जावा." आणि वाद मिटला, निदान त्या दिवसापुरता.

दुसऱ्या दिवशी मामा, सेक्रेटरी भाऊ, एक वकील ताई आणि आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. बंदूक नेली नाही, आधी लेखी अर्ज नेला: कालकथित आजोबांचा परवाना क्रमांक, बंदुकीचे वर्णन, बारासहित असल्याची सूचना आणि जमा करण्याची विनंती. असे जाणे बरे, बंदूक खांद्यावर टाकून जाऊ नये. दोन तास बसावे लागले, चार प्रश्न वाकडे आले, पण माणसे येऊन बंदूक ताब्यात घेऊन गेली आणि मामांना पोच मिळाली. बार पुढे मिस्त्रीने काढला. त्यात दारू, चिंधी आणि मूठभर छर्रे निघाले, असे मामांनी नंतर कळवले. हा मजकूर लिहीपर्यंत मामांच्या मागे कोर्टकचेरी लागलेली नाही. परवान्याचा अर्ज त्यांनी केलेला नाही, करणारही नाहीत. मुलीच्या फीचे काम एका पतपेढीतून झाले.

वर्गणी परत करताना मंडळाने घरोघर पावत्या घेतल्या, हे आम्हाला फार आवडले. काही बायांनी पैसे परत घेतले नाहीत, पुस्तके आणा म्हणाल्या.

त्या आजींनी नंतर सेक्रेटरींना घरी बोलावले. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत त्यांच्या सासऱ्यांचा पलटणीतून सुटल्याचा दाखला होता. १११ महार पलटणीचा. ही पलटण १९१७ साली उभारली आणि १९२१ साली मोडली, त्यामुळे तिचे कागद फार थोड्या घरांत उरले आहेत. कागदाच्या घड्या तुटल्या होत्या, पण नाव, गाव आणि नंबर वाचता येत होता. काचेच्या कपाटात १ जानेवारीला त्याचे चांगले छायाचित्र लागले. मूळ कागद आजींच्याच ट्रंकेत आहे.

आपल्या घरी असा दाखला, पदक किंवा पेन्शनबुक असेल तर आम्हाला जरूर कळवावे. कागद प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नये, तो आतल्या आत खराब होतो आणि पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टीही लावू नये. स्वच्छ पांढऱ्या कागदात सपाट ठेवावा, ओल नसलेल्या जागी. आणि बंदूक असेल तर तिला हात न लावता, मुलांना बाजूला करून, आधी तिचा परवाना कोणाच्या नावाने आहे ते पाहावे.